घराचा मेन फ्यूज: तो कुठे असतो, काय राखतो आणि उडाल्यावर काय करावे

घरातली वीज गेली की "फ्यूज उडाला असेल" असे आपण सहज म्हणतो. पण कोणता फ्यूज, हे क्वचितच कोणी विचारते. रोहित्रापासून स्वयंपाकघरातल्या प्लगपर्यंत येताना वीज एकाहून अधिक फ्यूजमधून किंवा एमसीबीमधून (जादा प्रवाहाला आपोआप पडणाऱ्या छोट्या स्विचमधून) जाते. त्यांपैकी काही वीज कंपनीचे असतात आणि काही आपले; काहींना हात लावता येतो, तर काहींना हात लावणे धोक्याचे आणि नियमबाह्यही असते. मेन फ्यूज नेमका या दोन हद्दींच्या सीमेवर बसलेला असल्यामुळे त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त गोंधळ आढळतो. येथे महाराष्ट्रातल्या साध्या घरगुती जोडणीचा, म्हणजे २३० व्होल्टच्या सिंगल फेज पुरवठ्याचा विचार केला आहे. थ्री फेज जोडणीत फेज तीन असल्याने फ्यूजही तीन असतात, हा फरक सोडला तर तत्त्व तेच राहते.

मेन फ्यूज कुठे शोधावा

शोधाची सुरुवात मीटरपासून करावी आणि मीटरला येणाऱ्या व मीटरमधून जाणाऱ्या तारा डोळ्यांनी, हात न लावता, तपासाव्यात. खांबावरून घराकडे येणारी केबल म्हणजे सर्व्हिस वायर. ती भिंतीशी आल्यावर बहुधा प्रथम एका चिनी मातीच्या किंवा बेकेलाइटच्या खोक्यात जाते, ते कटआऊट; फ्यूज त्याच्या आत असतो. तेथून ती मीटरमध्ये जाते आणि मीटरमधून निघालेल्या तारा आपल्या मेन स्विचला मिळतात. हा क्रम सर्वत्र असाच असेल असे नाही. काही ठिकाणी कटआऊट मीटरच्या पेटीतच असते, काही ठिकाणी ते खांबावर असते, तर सदनिकांच्या इमारतींत तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये प्रत्येक मीटरसाठी स्वतंत्र फ्यूज एका ओळीत बसवलेले दिसतात. जुन्या चाळींत हेच सगळे जिन्याखालच्या लाकडी फळीवर उघड्यावर असते. मेन फ्यूज कुठे आहे हे दिवसा उजेडी, वीज चालू असताना आणि घाई नसताना पाहून ठेवलेले बरे. रात्री मोबाइलच्या उजेडात जिन्याखाली चाचपडत तो शोधणे हा अपघाताचा सरळ मार्ग आहे.

कटआऊट बसवणे हे पुरवठादाराचे कर्तव्य आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये असे सांगितलेले होते, की ग्राहकाच्या आवारात, पोचता येईल अशा जागी, अर्थ केलेला न्यूट्रल (वीज परत नेणारी, जमिनीशी जोडलेली तार) सोडून सर्व्हिस लाईनच्या प्रत्येक तारेत पुरवठादाराने योग्य कटआऊट बसवावे आणि ते आग न धरणाऱ्या आवरणात असावे. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांतही ही तरतूद राहिली. म्हणून मीटरच्या आधीचे कटआऊट, मग ते आपल्याच भिंतीवर असले तरी, महावितरणचे किंवा मुंबईत ज्या कंपनीची वीज असेल त्या कंपनीचे मानावे. त्याला सील असेल तर शंकेला जागाच उरत नाही. सील तोडून मीटरच्या आधीच्या जोडणीला हात लावणे महागात पडू शकते, कारण मीटर किंवा त्याच्या जोडणीशी अप्रामाणिक हेतूने केलेली छेडछाड विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीत मोडते, आणि आपला हेतू प्रामाणिक होता हे तुटलेले सील पाहणाऱ्याला पटवून देणे सोपे नसते. कायद्यापेक्षाही मोठे कारण दुसरे आहे: कटआऊटच्या येणाऱ्या बाजूची वीज बंद करण्याचे कोणतेही साधन आपल्या हातात नसते. त्या बाजूला चुकून स्क्रूड्रायव्हर टेकला तर मध्ये पडणारा पुढचा फ्यूज थेट खांबावर किंवा डीपीवर (रोहित्राजवळच्या वितरण पेटीवर) असतो.

मीटरनंतरचा मेन स्विच मात्र आपला. जुन्या घरांत तो लोखंडी पेटीचा असतो, बाजूला दांडा असतो आणि झाकण उघडले की आत किटकॅट फ्यूज (चिनी मातीची बैठक आणि तीत बसणारा, तार बांधलेला सुटा धारक) दिसतात. नव्या घरांत त्याच्या जागी दोन पोलचा एमसीबी असतो. वायरमंडळी बोलताना कटआऊटलाही मेन फ्यूज म्हणतात आणि मेन स्विचमधल्या किटकॅटलाही. त्यामुळे "मेन फ्यूज गेलाय" असे फोनवर सांगताना मीटरच्या आधीचा की नंतरचा, हे सांगितल्याशिवाय ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो

फ्यूज आपल्याला विजेच्या धक्क्यापासून वाचवतो, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. फ्यूज तारेचे रक्षण करतो. तारेतून तिच्या कुवतीपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला तर ती तापते, तिच्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण मऊ पडते, जळते आणि छताच्या पोकळीत किंवा लाकडी पट्टीखाली आग लागते. हे होण्याआधी साखळीतला एक मुद्दाम नाजूक ठेवलेला तुकडा वितळावा आणि प्रवाह थांबावा, एवढीच फ्यूजची योजना आहे. मीटरच्या आधीचा मेन फ्यूज सर्व्हिस वायर, मीटर आणि मीटरपासून मेन स्विचपर्यंतच्या तारा राखतो. शिवाय आपल्या घरातल्या बिघाडामुळे डीपीवरचा फ्यूज उडून गल्लीभर अंधार होऊ नये, हीही त्याची जबाबदारी असते. टीव्ही, फ्रिज आणि माणूस हे त्याच्या कामाच्या यादीत नाहीत.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह काही क्षण वाहिला तरी जिवाला धोका निर्माण होतो. घराचा मेन फ्यूज ३२ अँपिअरचा असेल तर तो याच्या हजारपटीहून अधिक प्रवाह शांतपणे वाहू देतो. ओल्या हाताने उघड्या तारेला धरलेल्या माणसामुळे मेन फ्यूज उडेल अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे. ते काम आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, ज्याला जुने लोक ईएलसीबी म्हणतात. त्याचप्रमाणे रस्त्यावरचा न्यूट्रल तुटून घरात ३०० व्होल्टच्या वर दाब आला तर उपकरणे जळतात, पण फ्यूज बहुधा जागचा हलत नाही, कारण त्याला व्होल्ट कळत नाहीत, फक्त अँपिअर कळतात.

फ्यूजची तार वितळते ती उष्णतेने, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून शॉर्ट सर्किट झाल्यावर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकमेकांना थेट भिडल्यावर, फ्यूज क्षणार्धात उडतो. उलट थोडासाच जादा भार असेल तर तो तासभर तग धरतो आणि मग, घरात काहीही नवे घडलेले नसताना, अचानक जातो. "काहीच लावले नव्हते आणि फ्यूज उडाला" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

१५ अँपिअरचा फ्यूज १५ अँपिअरला उडत नाही

किटकॅट फ्यूजसाठी कल्हई केलेली तांब्याची तार वापरतात. कल्हईमुळे तांब्यावर काळपट थर चढण्याचा वेग मंदावतो आणि तारेचा गुण बराच काळ टिकतो. अशा फ्यूजसाठी रूढ असलेली जाडी अशी आहे: ५ अँपिअरसाठी ०.२ मिलिमीटर, १० साठी ०.३५, १५ साठी ०.५, २० साठी ०.६ आणि ३० साठी ०.८५ मिलिमीटर. हे आकडे तारेने कायम सहजपणे वाहून न्यायच्या प्रवाहाचे आहेत. ती वितळते त्याच्या साधारण दुप्पट प्रवाहाला. तांब्याच्या तारेचा मिलिमीटरमधला व्यास घेऊन त्याचा दीड घात काढला आणि ८० ने गुणले, की वितळण्याचा प्रवाह ढोबळमानाने मिळतो, ०.५ मिलिमीटरच्या तारेसाठी हा हिशेब २८ अँपिअरच्या आसपास येतो.

याचा व्यवहारातला अर्थ जरा अस्वस्थ करणारा आहे. १५ अँपिअरच्या किटकॅटनंतरच्या तारेतून २२-२३ अँपिअर प्रवाह तासन् तास वाहिला तरी फ्यूज गप्प राहू शकतो. तुलनेने १६ अँपिअरचा एमसीबी घेतला, तर मानकाप्रमाणे त्याने १.४५ पट प्रवाहाला, म्हणजे सुमारे २३ अँपिअरला, तासाभराच्या आत ट्रिप झालेच पाहिजे. किटकॅट वाईट नाही. पण त्याच्या भरवशावर तारा काठोकाठ भरू नयेत.

आता खरा घोळ. घरात फ्यूजची तार सापडत नाही आणि हाताशी असलेल्या वायरच्या तुकड्यातून तांबे काढून तेच बांधले जाते. आपल्याकडच्या १.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरीत ०.३ मिलिमीटरच्या २२ बारीक तारा असतात. त्यांतली एकच तार बांधली तर ती वरच्या हिशेबाने १३ अँपिअरच्या जवळपास वितळते, म्हणजे साधारण सहा-सात अँपिअरच्या फ्यूजचे काम करते. कल्हई नसली तरी तात्पुरती सोय म्हणून ते एक वेळ समजण्यासारखे आहे. पण "एक तार सारखी उडते" म्हणून सहा-आठ तारा एकत्र पिळून बांधल्या, किंवा सरळ जाड एकेरी तार आवळली, की फ्यूज उरतच नाही. १.५ चौरस मिलिमीटरच्या एकेरी तारेचा व्यास १.३८ मिलिमीटर असतो आणि ती वितळायला सुमारे १३० अँपिअर लागतात. तिच्यापुढची घरातली १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटरची वायरिंग त्याआधीच भाजून निघते.

ग्रामीण भागात हा प्रश्न आणखी गंभीर होतो, आणि त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. डीपीपासून लांब, लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीवर तारांचाच विरोध (रेझिस्टन्स) मोठा असतो. तो एकूण १ ओहम असेल, तर घरात शॉर्ट सर्किट झाले तरी प्रवाह २३० अँपिअरच्या पुढे जाऊ शकत नाही. योग्य जाडीची तार २३० अँपिअरला तत्काळ उडेल. १३० अँपिअरला वितळणारी जाड तार मात्र त्यालाही काही वेळ पुरून उरेल, आणि तेवढ्या वेळात ठिणग्या पडत राहतील. त्यातच डीपीवर ॲल्युमिनियमची जाड तार गुंडाळून ठेवलेली असेल, तर त्या संपूर्ण लाईनवर वेळेत तुटणारे असे काहीच उरत नाही.

वीज गेल्यावर बिघाड कोणत्या बाजूला आहे हे कसे ओळखावे

पहिल्याने घरातला बोर्ड पाहावा. एखादाच एमसीबी खाली पडलेला असेल तर बिघाड त्या सर्किटवर आहे आणि मेन फ्यूजचा विषयच नाही. आरसीसीबी पडला असेल तर गळती आहे. पावसाळ्यात बाहेरचा दिवा, गच्चीवरची मोटर किंवा गिझरचे जुने एलिमेंट ही नेहमीची ठिकाणे. सगळे एमसीबी वर असूनही घरात काहीच चालत नसेल, तर मीटरकडे जावे.

मीटरवरचा पडदा उजळलेला असेल आणि दिवा लागलेला असेल, तर वीज मीटरपर्यंत आली आहे. दोष मीटरच्या पुढे, म्हणजे मेन स्विचमध्ये, त्यातल्या फ्यूजमध्ये किंवा मधल्या तारांमध्ये आहे. मीटर पूर्ण निपचित असेल, तर दोष कटआऊटमध्ये किंवा त्याच्याही आधी आहे. येथे एक सावधगिरी हवी: काही मीटरमध्ये आत बॅटरी असते आणि बटण दाबल्यावर वीज नसतानाही आकडे दिसतात. बटण न दाबता पडदा आपोआप चालू आहे का, हे पाहावे.

शेजाऱ्यांकडे दिवे आहेत का, हे सगळे जण पाहतात, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरेचदा फसतो. खांबावर तीन फेज असतात आणि घरे त्यांवर वाटून दिलेली असतात. डीपीवरचा एकाच फेजचा फ्यूज गेला, तर गल्लीतली साधारण एक तृतीयांश घरे अंधारात जातात आणि लगतच्या घरात पंखा सुरू असतो. तेव्हा एका शेजाऱ्याकडे न पाहता पाच-सहा घरांकडे पाहावे. ठरावीक अंतराने घरे बंद असतील, तर आपल्या मेन फ्यूजला दोष देण्याचे कारण नाही. अशा वेळी चालू फेजवर तार टाकून देण्याचा उत्साह काही ठिकाणी दाखवला जातो. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टचा दाब असतो, आणि उसना फेज टाकताना तारा चुकल्या तर सगळ्या उपकरणांची एकदम होळी होते. हे काम कोणी फुकट करून देत असला तरी करवून घेऊ नये.

दोष मीटरच्या आधी आहे असे दिसले की १९१२ या क्रमांकावर किंवा आपल्या वीज कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवावी आणि ग्राहक क्रमांक हाताशी ठेवावा. सांगताना "वीज नाही" एवढेच न सांगता "मीटर बंद आहे, आजूबाजूची घरे चालू आहेत, कटआऊटजवळ जळका वास येतो" असे सांगितले, तर येणारा तंत्रज्ञ योग्य सामान घेऊन येतो. वास, धूर किंवा तडतड आवाज येत असेल तर मेन स्विच बंद करून दूर राहावे. कटआऊटवर पाणी तर कधीच मारू नये.

आपल्या मेन स्विचमधला फ्यूज बांधताना

मेन स्विचमधला किटकॅट हा आपला असला, तरी ज्याला हे काम येत नाही त्याने ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. ज्याला येते, त्याच्यासाठी पुढील गोष्टी.

प्रथम घरातली सर्व मोठी उपकरणे बंद करावीत आणि मग मेन स्विचचा दांडा पूर्ण खाली आणावा. घरात बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा, कारण मेन स्विच बंद केल्याबरोबर तो आपोआप सुरू होतो आणि आपण मृत समजत असलेल्या तारांत पुन्हा वीज येते. लोडशेडिंगच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. पण मेन बंद केला म्हणजे घर बंद झाले ही जुनी सवय मात्र तशीच राहिली. पायांत कोरडी रबरी चप्पल असावी, हात कोरडे असावेत आणि दुसरा हात पेटीला किंवा भिंतीला टेकलेला नसावा.

दांडा खाली असला तरी स्विचच्या येणाऱ्या बाजूच्या टोकांना वीज असतेच. फ्यूजच्या बैठकीवर ती नाही याची खात्री टेस्टरने करावी, आणि टेस्टर आधी एखाद्या चालू ठिकाणी लावून तो स्वतः चालतो आहे का ते पाहावे. न उजळलेला टेस्टर म्हणजे वीज नाही असेच नव्हे. टेस्टरच बिघडलेला असू शकतो.

मग फ्यूजचा धारक सरळ बाहेर ओढावा. तो हातात आल्यावर लगेच नवी तार बांधायला बसू नये. जुनी तार कशी गेली ते आधी पाहावे, कारण बिघाडाचा निम्मा तपास तेथेच होतो. तार मधोमध वितळलेली आणि दोन्ही टोके जागेवर असतील, चिनी माती स्वच्छ असेल, तर तो जादा भार. तार जवळजवळ नाहीशी झालेली, चिनी मातीवर काळा डाग आणि तांब्याचे बारीक कण उडालेले असतील, तर शॉर्ट सर्किट. अशा वेळी बिघाड सापडेपर्यंत नवी तार बांधण्यात अर्थ नाही, ती दांडा वर करताच पुन्हा उडेल. तार स्क्रूजवळच तुटलेली असेल आणि तेथला धातू निळसर-काळा पडला असेल, तर जोड सैल होता आणि उष्णता तेथे तयार झाली. हा तिसरा प्रकार सर्वाधिक दुर्लक्षित आहे. सैल जोड असलेला फ्यूज कमी भारालाही वारंवार जातो, लोक तार जाड करतात, मग तार टिकते पण बैठक जळते. धारकाच्या पितळी पात्या बैठकीत घट्ट बसत नसतील किंवा चिनी मातीला तडा गेला असेल, तर संपूर्ण फ्यूजच बदलावा.

जुन्या तारेचे तुकडे आणि कण काढून जागा स्वच्छ करावी. नवी तार खोबणीतून नेऊन स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक वेढा द्यावा, म्हणजे स्क्रू आवळताना ती आत खेचली जाते, बाहेर निसटत नाही. दोन स्क्रूंमध्ये तार तंबोऱ्यासारखी ताणू नये. ताणलेली किंवा पक्कडीने दबलेली तार त्या जागी बारीक होते आणि ठरलेल्या प्रवाहाआधीच जाते. जादा टोके कापावीत. धारक घट्ट बसवावा, पेटीचे झाकण लावावे आणि मगच, सर्व उपकरणे बंद असताना, दांडा एका झटक्यात वर करावा. त्यानंतर एकेक सर्किट सुरू करत जावे. ज्या सर्किटला फ्यूज उडेल तेथे बिघाड आहे.

न्यूट्रलमधला फ्यूज

जुन्या लोखंडी मेन स्विचमध्ये पुष्कळदा दोन किटकॅट आढळतात, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. ही रचना धोकादायक आहे आणि ती आजही अनेक घरांत तशीच आहे. जादा भाराने समजा न्यूट्रलचाच फ्यूज आधी गेला, तर दिवे-पंखे बंद पडतात आणि घरातल्या माणसाला वाटते की वीज गेली. प्रत्यक्षात फेज प्रत्येक बटणापर्यंत, प्रत्येक प्लगपर्यंत पोचलेला असतो, आणि दुरुस्तीसाठी उघडलेल्या होल्डरला हात लागला तर वीज माणसातून जमिनीकडे जायला तयारच असते. न्यूट्रलमध्ये फ्यूज नसावा हा नियम त्यासाठीच आहे. अशा स्विचमध्ये न्यूट्रलच्या जागी फ्यूजऐवजी तांब्याची घन पट्टी बसवून घ्यावी, किंवा त्याहून उत्तम म्हणजे तो स्विच काढून फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी तोडणारा दोन पोलचा एमसीबी बसवून घ्यावा.

फ्यूज वारंवार जात असेल तर भार मोजावा

वॅटला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, तेवढ्याच वॅटची इंडक्शन शेगडी आणखी ८.७, १००० वॅटची इस्त्री ४.३. अर्ध्या अश्वशक्तीची पाण्याची मोटर चालू असताना तीन ते चार अँपिअर घेते, पण सुरू होतानाच्या क्षणी तिचा प्रवाह पाच-सहापट असतो. सकाळी सातच्या सुमारास गिझर, शेगडी, मोटर आणि इस्त्री एकत्र आली, त्यात फ्रिज आणि पंखे मिळवले, तर बेरीज २८ अँपिअरच्या घरात जाते. आणि वर पाहिल्याप्रमाणे १५ अँपिअरचा किटकॅट नेमका तेथेच वितळायला लागतो. दाब कमी असेल तर गिझर कमी प्रवाह घेतो, मोटर मात्र जास्त ओढते, त्यामुळे कमी व्होल्टेजच्या गावात उन्हाळ्यात मोटर चालू करताच फ्यूज जाण्याचे प्रकार वाढतात.

ही बेरीज वीजबिलावर छापलेल्या मंजूर भाराशी ताडून पाहावी. पूर्वी दिवे, पंखे आणि रेडिओ यांच्यासाठी घेतलेल्या अनेक जोडण्यांचा मंजूर भार अजूनही एका किलोवॅटच्या आसपास आहे, म्हणजे साडेचार अँपिअरही नाही. घरातली सगळी उपकरणे कधीच एकत्र चालत नसल्याने वापर मंजूर भारापेक्षा थोडा वर गेला तर लगेच काही बिघडत नाही. पण गिझर आणि एसी आल्यावर ही दरी फार मोठी होते. मीटरवरही त्याची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेक घरगुती मीटरवर ५-३० किंवा १०-६० अँपिअर असे आकडे दिसतात. ३० अँपिअरच्या मीटरमागे ६० अँपिअरचा फ्यूज बसवून घेण्याने कुवत वाढत नाही, मीटरची जोडणी जळण्याची सोय तेवढी होते.

योग्य मार्ग म्हणजे वाढीव भारासाठी वीज कंपनीकडे अर्ज करणे. तो ऑनलाइन करता येतो. मंजुरीनंतर सर्व्हिस वायर, कटआऊट आणि गरज पडल्यास मीटर बदलणे हे कंपनीचे काम. मीटरनंतरच्या तारा आणि बोर्ड परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेणे हे आपले. या कामात अर्धवट बचत करण्याचा मोह होतो: बाहेरून ३२ अँपिअरचा नवा एमसीबी बसवायचा आणि आतली जुनी वायरिंग तशीच ठेवायची. ती वायरिंग २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर तिच्यामागे १६, फार तर २० अँपिअरचाच एमसीबी शोभतो. ३२ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर धरावी. गिझर आणि एसी यांना बोर्डापासून स्वतंत्र सर्किट द्यावे. खर्चाला मर्यादा असेल तर मी रंगीत स्विच आणि सजावटीच्या प्लेट यांवरचे पैसे वाचवून ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर आणि चांगल्या अर्थिंगवर घालावेत असे सुचवीन, कारण मेन फ्यूज जे करू शकत नाही ते या दोन गोष्टी करतात.

जुन्या घरात आरसीसीबी नव्याने बसवला की तो पहिल्याच दिवशी वारंवार पडतो, आणि वैतागून तो काढून टाकला जातो. बहुतेक वेळा कारण एवढेच असते, की कुठेतरी दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात किंवा न्यूट्रल अर्थला जोडून काम भागवलेले असते. हे जोड शोधून वेगळे करायला वायरमनला अर्धा दिवस लागेल. तो लागू द्यावा. नंतर आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दाबून तो पडतो का हे पाहावे, आणि न पडल्यास तो बदलावा.